मिशीला व्हॅसलीन

आमच्या नेरमध्ये माणूस पाण्यात उतरतो तो दोनच कारणांनी: उकाडा असह्य झाला म्हणून, किंवा विहिरीत बादली पडली म्हणून. पाण्यात उतरायचं पण ओलं व्हायचं नाही, ही तिसरी तऱ्हा मुलीने आणली. ती लंडनला नोकरी करते. यंदा तिने आम्हा दोघांना आइसलँडला न्यायचं ठरवलं आणि तिथल्या थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानातल्या सिल्फ्रा नावाच्या भेगेत स्नॉर्केलिंगही ठरवून टाकलं. बायकोने काठावर बसून फोटो काढायची जबाबदारी तातडीने उचलली.

या भेगेच्या एका अंगाला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, दुसऱ्या अंगाला युरेशियाचा. दोघे वर्षाला साधारण २ सेंटिमीटरने एकमेकांपासून सरकतात. माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, सांगितलं तर म्हणाले, "धुऱ्याचं भांडण दिसते." हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकांतून कित्येक वर्षं झिरपत तिथे येतं, म्हणून इतकं नितळ की १०० मीटरवरचंही दिसतं. तापमान बारा महिने २ ते ४ अंश. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो; फ्रीजमधली बाटलीसुद्धा त्या पाण्याहून गरम निघेल.

म्हणून ड्रायसूट. आत लोकरी कपडे, त्यावर जाड अस्तराचा एक सूट, त्यावर हा. मानेला आणि मनगटांना लॅटेक्सच्या अशा घट्ट पट्ट्या की पाण्याचा थेंब आत येत नाही. टोपी आणि हातमोजे मात्र निओप्रीनचे. त्यांत पाणी शिरतं, पण अंगाच्या उबेने कोमट होतं म्हणे. आत हवा कोंडल्यामुळे माणूस बुडू म्हटलं तरी बुडत नाही. पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. खरी अडचण वेगळीच: एकदा चेन लागली की लघवीला जाता येत नाही. सकाळचा दुसरा चहा मी तेव्हापासून सोडला.

"गळ्याशी आवळल्याची सवय करा बाबा," मुलगी म्हणाली. मी पुतण्याचं जुनं हायनेक स्वेटर घालून भर दुपारी कूलरपुढे बसलो. शेजारचे काका आले, नाडी पाहिली आणि घरात जाऊन हळूच विचारून आले, "थंडीताप काऊन अंगावर काढून राह्यले हे?"

मग मिशी. मिशीवर मास्क नीट बसत नाही, केसांतून पाणी आत शिरतं. काढून टाकावी म्हणून न्हाव्याकडे गेलो. त्याने वस्तरा खाली ठेवला. "कोन गेलं जी? आबा तं सकाळी पानठेल्यावर होते!" बाप हयात असताना मिशी उतरवायची, तीही आइसलँडच्या पाण्यासाठी, हे त्याच्या खुर्चीत होणं शक्य नव्हतं. गावभर चौकशी सुरू व्हायच्या आत मी दाढी करून परतलो.

तोडगा मुलीनेच काढला: मिशीला व्हॅसलीन. फक्त ते गळ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, कारण त्याने लॅटेक्स खराब होतं. बायकोने डबी बॅगेत टाकली. एवढ्या घट्ट गळ्यातून डोकं बाहेर कसं काढणार, हे तिने मला पुनःपुन्हा विचारलं. तिला ते बघायचंच असावं.

आबा सगळं ऐकत होते. शेवटी विचारलं, "पानी पेता येते का तिथलं?"

"येते ना आबा. पोहता पोहता लोक घोट घेतात."

आबा ताडकन उठून बसले. "पेयाच्या पान्यात उतरून राह्यला तू? अन् तिथं कोनी हाकलत नाही?"