चॉक लावायचा राहिला

त्याच्याशी हात मिळवला की आपला हात निळा होतो. बारामतीकराला याहून जास्त ओळख लागत नाही आणि तुमच्या तालुक्यातही असा एक असणारच. पंचविशी उलटलेली, बी.ए. अडकलेलं, पाठीला लांबट काळी पिशवी. एसटीचा कंडक्टर विचारतो, "बंदूक हाय का काय?" हा ताठ होऊन सांगतो, "क्यू आहे. नॅशनलची तयारी चाललीय." क्यूचं निम्मं तिकीट लावावं का, असा विचार करत कंडक्टर पुढं सरकतो.

आम्ही त्याला चॅम्पियनच म्हणतो. गाव इंदापूर तालुक्यात, सणसरच्या पुढं. घरचा ऊस जातो भवानीनगरच्या कारखान्याला आणि हा येतो बारामतीला, एमआयडीसीजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये पूल खेळायला. ऊस वेळेवर जात नाही, हा जातो.

खेळाचं सोडा, मला त्रास आहे तो त्याच्या चॉकचा. क्यूच्या, म्हणजे चेंडू मारायच्या काठीच्या, टोकाला घासायची ती निळी चौकोनी वडी त्याच्या शर्टाच्या खिशात, गाडीच्या डिकीत, उशाखाली, देव्हाऱ्यात हळदी-कुंकवाशेजारी, सगळीकडं असते. आणि जगात जे जे बिघडतं, ते चॉकमुळं. बी.ए.ला इंग्रजी राहिलं: "चॉक नीट बसला नव्हता, काका." मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीला घासली: तेच. वडलांनी, म्हणजे आण्णांनी, डाळिंबावर फवारणी सांगितली होती, हा विसरला, बागेवर तेल्या आला. त्यावर याचं चिंतन: "औषध काय, चॉक काय, वेळेवर लागलं पाहिजे." आण्णांनी त्या दिवशी त्याला जेवायला वाढू दिलं नाही.

शास्त्र त्याच्या बाजूनं आहे, हे आणखी वाईट. क्यूच्या टोकाला चामड्याची टिकली असते. चेंडूला मध्य सोडून बाजूला ठोसा दिला तर ती सटकते. चॉकच्या भुकटीनं तिला पकड मिळते आणि पांढऱ्या चेंडूला हवी तशी फिरकी देता येते. या चॉकमध्ये शाळेतला खडू नसतोच, सिलिका आणि कुरुंदासारखी खरखरीत भुकटी असते. अमेरिकेत स्पिंक्स आणि हॉस्किन्स या जोडीनं १८९७ साली त्याचं पेटंट घेतलं. पुण्यात चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली, तेच हे वर्ष. चॅम्पियनच्या मते त्या वर्षातली मोठी घटना कोणती, ते मी इथं लिहीत नाही.

इतिहासही त्याला तोंडपाठ. पूलचा भाऊबंद स्नूकर १८७५ साली जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मला, म्हणजे खेळ आपलाच. विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचा जागतिक हौशी विजेता झाला, तो जन्मानं पुण्याचा. पंचवीसहून जास्त विश्वविजेतेपदं मिळवणारा पंकज अडवाणी बेंगळुरूत वाढला असेल, पण जन्म पुण्याचाच. "दोघंही पुणे जिल्हा. आता इंदापूर कुठल्या जिल्ह्यात येतं, काका?" भूगोल बरोबर असल्यामुळं मला गप्प बसावं लागतं.

२०२४च्या लोकसभेला त्यानं मतदान केंद्रावर जो घोळ घातला, तो अजून सांगितला जातो. क्यू डाव्या हातावरून सरकतो, त्यामुळं त्याच्या डाव्या तर्जनीवर कायम निळा थर. केंद्रावरच्या माणसानं बोट पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं झालंय." हा म्हणाला, "चॉक आहे," आणि बोट रुमालाला पुसून दाखवलं. झालं! दोन्ही बाजूंचे पोलिंग एजंट उभे राहिले : शाई पुसली जाते! आमच्याकडं दोन्ही मुख्य उमेदवार एकाच घरातले, त्यामुळं आरोप कुणी कुणावर करायचा हेही लवकर ठरेना. शेवटी त्याचं खरं मत पडलं. कुणाला, ते विचारलं तर म्हणतो, "सेफ्टी खेळलो."

निमगाव केतकीला मुलगी पाहायला गेला, तेव्हा मी मध्यस्थ होतो. पोह्यांच्या बशा आल्या. यानं खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर वडी थेट मुलीच्या आत्याच्या बशीत. आत्यांना वाटलं, शेवटी काहीतरी गोड ठेवलंय. ते निस्तरेपर्यंत मुलीच्या वडलांनी विषय बदलावा म्हणून विचारलं,

"मुलगा करतो काय?"

"पूल खेळतो. टेबलावरचा."

वडलांनी बराच विचार केला आणि अत्यंत शेतकरी प्रश्न विचारला, "टेबल घरचं, का खंडानं?"

घरचं नव्हतं. स्थळ गेलं. परतताना नीरा डाव्या कालव्यावर गाडी थांबवून तो म्हणाला, "निघताना चॉक लावायचा राहिला." त्याला कालव्यात ढकलावं असं मनात आलं होतं, पण पाणी सुटलेलं नव्हतं.

मात्र शेडमधल्या टेबलावर त्याला कुणी हरवू शकत नसे. मी एकदा चहा घेऊन पाहत बसलो. हा चेंडू भलतीकडं मारी आणि तो रमतगमत वळून नेमका कोपऱ्याच्या भोकात पडे. मग माझ्या ध्यानात आलं : टेबलाला उतार होता, इंदापूरच्या दिशेनं. कालव्याचं पाणी टेलला पोचत नाही म्हणून इंदापूरवाले दरसाल ओरडतात, पण या टेबलावर सगळं बिनबोभाट इंदापूरला पोचत होतं. चॅम्पियननं तो उतार इंच इंच पाठ केला होता. मुंबईला एका स्पर्धेत पहिल्याच फेरीत तो का गारद झाला, तेही उलगडलं. तिथलं टेबल सपाट होतं. दोष अर्थातच चॉकला मिळाला.

एका रात्री पाण्याची पाळी होती. मोटर चालू करायची आठवण करून द्यायला आण्णा स्वतः शेडमध्ये आले आणि दारातच थांबले. पोराचे सातच्या सात चेंडू ओळीनं गेले, मग काळा. आण्णांनी टोपी सारखी केली आणि मला हळूच विचारलं, "टेबलाचे पैसे हरल्यालाच द्यावे लागतात ना?" हो म्हटलं. "मग बरंय," म्हणाले आणि मोटर चालू करायला एकटेच गेले. त्यानंतर चॅम्पियनची टवाळी करताना माझी जीभ थोडी अडखळते. पैलवानाला गदा मिळते, फेटा मिळतो. याला शेडबाहेर कुणी ओळखत नाही आणि ओळखलं तर उनाड म्हणतं. तरी हा रोज दोन तास एकच कट मारत बसतो. एवढा वेळ मी आयुष्यात कशालाच दिलेला नाही.

गेल्या दिवाळीत मालकानं टेबल बदललं. गवंड्याची लेव्हल लावून, पायाखाली पत्र्याच्या चकत्या सारून सपाट केलं. कॉलेजची पोरं आता त्याला हरवतात. टेबलाचे पैसे हा मुकाट्यानं भरतो, आणि नवल म्हणजे चॉकबद्दल अवाक्षर काढत नाही. ते मला बघवत नाही.

तेव्हा एक विनंती. ते जुनं टेबल मालकानं भिगवणकडच्या कुणालातरी विकलंय. कुणाच्या पडवीत दिसलं तर कळवा. खूण सोपी आहे, मधोमध चेंडू ठेवा, तो एकाच कोपऱ्याकडं निघेल. आण्णा पैसे द्यायला तयार आहेत. आणि निमगावची मुलगी अजून लग्नाची आहे.