लीळेला दहा गुण

एम.ए. मराठीच्या वर्गात लीळाचरित्र निघालं की बहुतेकांना ते मराठीतलं आद्य गद्य म्हणून परीक्षेपुरतं वाचायचं असतं. पण एखादी मुलगी महानुभाव घरातली असते. तिच्या घरी ही पोथी वस्त्रात बांधलेली, हात धुतल्याशिवाय तिला कुणी शिवत नाही. सर फळ्यावर लिहितात, ‘निवेदनशैलीची वैशिष्ट्ये, गुण दहा.’ मुलगी मनात दंडवत घालते आणि मुद्दे उतरवून घेते. मुद्दा पहिला, छोटी छोटी वाक्यं. (तिच्या आजीला विचारा. ती म्हणेल, चक्रधर स्वामी बोलले तसं लिहिलं, त्यात शैली कसली?)

सरांचंही बरोबर आहे आणि आजीचंही, अडचण तीच आहे. लीळाचरित्रकार म्हाइंभटांनी तेराव्या शतकात आठवणी गोळा केल्या त्या भक्तीपोटी. पण स्वामी कुठे उतरले, काय जेवले, शिष्या बाइसांना काय म्हणाले, हे इतक्या बारकाईने टिपलं की कथाकारानेही शिकावं. पंथाने हे वाङ्मय पुढे सकळ लिपीत घालून शतकानुशतकं परक्यांच्या नजरेपासून जपलं. आता त्याच्या नोट्स गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतात, तिथे लिपी अवघड नसते, फक्त शाई फिकट असते.

छत्रपती संभाजीनगरात साहित्यातून धर्म वेगळा काढायचा म्हटलं तर हाती फारसं उरत नाही. पैठणच्या एकनाथांनी हिंदू आणि तुर्क यांना भारुडात समोरासमोर भांडायला उभं केलं. सिराज औरंगाबादी उर्दूच्या वर्गात गझलकार, खानकाहीच्या परंपरेत सूफी. आपल्या विद्यापीठात मराठी, उर्दू, पाली हे सगळे विभाग आहेत, प्रत्येकाचं दार वेगळं. वेळापत्रकाची सोय म्हणून ठीक आहे.

बाबासाहेबांनी मात्र या गावात वेगळीच खूणगाठ बांधून ठेवली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळालं आणि परिसर झाला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, प्रश्नांवर प्रश्न विचारणारा. नागसेन हे उत्तरं देणारे भिक्षू. म्हणजे कॉलेज प्रश्नकर्त्याच्या नावाचं. नावामागचा पाली ग्रंथ बौद्धांना पूज्य आहे आणि संवाद म्हणूनही फर्मास.

त्या ग्रंथात वादाच्या सुरुवातीलाच नागसेन एक अट घालतात. पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजांसारखं नको. पंडित चुका दाखवतात, हरतात, पण रागावत नाहीत. राजाला विरोध केला की तो शिक्षा फर्मावतो. मिलिंद ती अट मान्य करतो. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्या मान्यवरांना हात जोडून विनंती, गुणपत्रक उघडण्याआधी एवढा भाग वाचून या. ग्रंथाच्या सुरुवातीकडेच आहे, फार शोधावा लागत नाही.