अतिमानवपटांतील लघुशंका : एका उपेक्षित शास्त्राची प्रस्तावना

कोणत्याही शास्त्राच्या आरंभी विषय, अधिकारी, संबंध आणि प्रयोजन असे अनुबंधचतुष्टय सांगण्याची आपल्याकडे रीत आहे; ती मोडण्यास कारण दिसत नाही. अतिमानवपट पाहताना प्रेक्षकास होणारी लघुशंका, हा प्रस्तुत शास्त्राचा विषय. ज्याने तिकिटाचे अथवा मासिक वर्गणीचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आहेत, तो अधिकारी. फुकट पासावर आलेल्यांनाही शंका होतात, परंतु त्या शास्त्रग्राह्य नाहीत. संबंध प्रतिपाद्य-प्रतिपादक असा रूढच आहे. प्रयोजन अद्याप निश्चित व्हावयाचे आहे. तथापि प्रयोजनाअभावी एखादे शास्त्र बंद पडले, असे विद्यापीठांच्या इतिहासात आढळत नाही.

प्रथम व्याख्या. ज्यात नायकास शक्ती अनायासे लाभते आणि ती लपवण्यासाठी मात्र आयास पडतात, तो अतिमानवपट. बॅटमॅनपाशी कोणतीच शक्ती नसल्याने येथे अव्याप्तीचा दोष येतो, असा पूर्वपक्ष आहे. त्यास उत्तर असे की, मुखवट्यामागील ब्रूस वेनची संपत्ती वडिलोपार्जित असल्याने ती अनायासच होय. काही स्थानिक पुढाऱ्यांनाही ही व्याख्या लागू पडते, हा अतिव्याप्तीचा आक्षेप मात्र आम्हांस मान्य आहे. म्हणून लक्षणात 'वेष बदलून' हे पद अधिक घालावे.

शंका द्विविध. माणूस उडतोच कसा, ही महाशंका. उडताना त्याचा भांग का विस्कटत नाही, ही लघुशंका. या शास्त्राचा मूलसिद्धांत असा की, अतिमानवपटाचा प्रेक्षक महाशंका सहज गिळतो, परंतु लघुशंका त्याला धरवत नाही. किरणोत्सारी कोळी चावला म्हणून मुलगा भिंतीवर चढला, हे तो निमूट मान्य करतो. त्या मुलाने तसा पोशाख शिवला कधी, हे मात्र शेजारच्यास विचारल्यावाचून त्याच्याने राहवत नाही. ज्यांना महाशंका होते, ते बहुधा घरातील ज्येष्ठ असतात. 'असं कुठं असतं का?' एवढे बोलून ते पान वाढायला सांगतात. त्यांना या शास्त्रात अधिकार नाही.

काळाचा विचार करता लघुशंका प्रायः मध्यंतरापूर्वी उद्भवते. २०१९ चा 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' १८१ मिनिटांचा आहे; एवढ्या अवधीत ती एकाहून अधिक वेळा होणे प्रकृती उत्तम असल्याचे चिन्ह मानावे. काहींना ती घरी परतल्यावर, मध्यरात्री होते. तिला उत्तरलघुशंका म्हणतात, आणि तिच्यामुळे इतरांची झोप मोडते.

सर्व लघुशंकांचे उगमस्थान म्हणजे मूललघुशंका : आपादमस्तक चिलखतात कोंडलेला नायक निसर्गधर्म पाळतो कसा? २०१० च्या 'आयर्न मॅन २' मध्ये नायक टोनी स्टार्कने वाढदिवसाच्या मेजवानीत हा प्रश्न स्वमुखाने मांडून, पाहुण्यांसमक्ष, चिलखत न उतरवता तेथेच कृतीने त्याचे निरसन केले. शंका आणि समाधान एकाच देहात, एकाच क्षणी घडल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता प्रकार.

१. वस्त्रशंका. ही सर्वांत प्राचीन. विजार, चड्डी, शिवण आणि प्रावरण असे हिचे चार पोटभेद होत.

विजारशंकेचे अधिष्ठान हल्क. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्माण केलेला हा पुरुष आरंभी करडा होता; छपाईत करडा रंग धड उतरेना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. शंका आली ती अशी : देह फुगतो, सदरा फाटतो, बूट फाटतात, विजार मात्र गुडघ्यापर्यंत फाटून थांबते. पुढे फाटण्याचा विचार ती का सोडून देते? १९७८ ते १९८२ या काळातील दूरचित्रमालिकेत लू फेरिग्नो यांनी असंख्य विजारी गुडघ्यापर्यंत फाडल्या, परंतु उत्तर दिले नाही. येथे मीमांसकांची अर्थापत्ती कामी येते. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे. तद्वत विजार कमरेशी टिकते, त्याअर्थी ती मूलतःच ताणली जाणारी असली पाहिजे. २००८ च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मध्ये नायिका बेट्टी रॉस नायकासाठी खरोखरच एक मोठी, ताणली जाणारी जांभळी विजार विकत आणते, आणि अर्थापत्तीस प्रत्यक्षाचे बळ मिळते. नायकास ती पसंत पडत नाही, परंतु हा रंगविषयक मतभेद असून त्याने प्रमाणास बाध येत नाही.

चड्डीशंकेने अभ्यासकांत उभी फूट पाडली आहे. १९३८ मध्ये 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर यांचा सुपरमॅन अवतरला, तो तंग विजारीवर लाल चड्डी घालून. तत्कालीन सर्कशीतील मल्लांचा वेष तसाच असे. पुढे सर्कशीचे दिवस गेले, चड्डी राहिली. चड्डीचे स्थान विजारीबाहेरच होय, असे मानणारा तो बहिश्चड्डीवाद. आधुनिकांचा तो अंतश्चड्डीवाद. दुसऱ्यात पुन्हा दोन शाखा आहेत. चड्डी दिसत नसली तरी आत आहेच, असे सत्पक्ष म्हणतो. ती मुळात नाहीच, असे असत्पक्ष. झॅक स्नायडर यांनी २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मधून लाल चड्डी काढून टाकली, तेव्हा हा वाद ऐन रंगात आला. आमचे मत स्पष्ट आहे. त्या चित्रपटात चड्डीबरोबर नायकाचे हसूही गेले, आणि ऊन पिऊन जगणारा हा पुरुष सदैव ढगाळ हवेत वावरू लागला. जेम्स गन यांनी २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये ती परत आणली. लहान मुलांना आपली भीती वाटू नये असे या पुरुषाला वाटणार, हा नट डेव्हिड कोरेनस्वेट यांचा युक्तिवाद आपल्याला पटला, असे गन यांनी सांगितले आहे. एका चड्डीच्या समर्थनार्थ याहून करुणामय हेतू आजवर कोणी दिलेला नाही. बहिश्चड्डीवादाचा हा निर्णायक विजय समजावा.

शिवणशंका स्पायडरमॅनची. सॅम रेमी यांच्या २००२ च्या चित्रपटात पीटर पार्कर प्रथम घरगुती कपड्यांचा ओबडधोबड वेष करून कुस्तीस उतरतो, आणि काही दृश्यांनंतर निष्णात कारागिरासही हेवा वाटावा असा पोशाख घालून इमारतींमधून झुलतो. मधली शिवण कोणी केली? चित्रपट मौन पाळतो. २०१७ च्या 'होमकमिंग'ने पोशाख टोनी स्टार्ककडून आला, असे सांगून शंका मिटवली. परंतु श्रीमंताने विकत घेऊन दिले, हे उत्तर कोणत्याही प्रश्नास देता येत असल्याने शास्त्रात ते हीन गणले जाते. उत्तम निरसन बेसिल जोसेफ यांच्या 'मिन्नल मुरली' (२०२१) या मल्याळम चित्रपटात आहे : तेथे वीज पडून शक्ती लाभलेला नायक व्यवसायाने शिंपीच आहे. ज्यावर वीज पडायची तो शिंपी असावा, एवढी साधी काळजी हॉलिवूडला इतक्या दशकांत घेता आली नाही, याचा विषाद वाटतो. तरीही रेमी यांच्या पदरी एक पुण्य जमा आहे. २००४ च्या 'स्पायडरमॅन २' मध्ये नायक पोशाख इतर कपड्यांसोबत धुवायला टाकतो आणि पांढऱ्या कपड्यांना रंग लागतो. या अल्प दृश्यास आम्ही त्यानंतरच्या कित्येक विश्वसंहारांहून वरचे स्थान देतो.

प्रावरणाविषयी, म्हणजे पाठीवरच्या झग्याविषयी, 'द इन्क्रेडिबल्स' (२००४) मधील वेषशिल्पी एड्ना मोड यांनी विमानाचे इंजिन, उद्वाहन इत्यादी अपघातांचे दाखले देऊन निषेधपर भाष्य केले आहे. त्यात भर घालण्याजोगे काही उरलेले नाही.

२. अभिज्ञानशंका. चष्मा लावला की जिवलगही ओळखत नाहीत, या गृहीतकाविषयीची ही शंका. सुपरमॅनची नायिका लोइस लेन ही व्यवसायाने वार्ताहर असल्याने ती अधिकच बोचते. काचवादी म्हणतात की भिंगात काही गुण असावा. लोकवादी म्हणतात की महानगरात कोणी कोणाकडे निरखून पाहतच नाही. दोन्ही मते त्याज्य. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये क्रिस्टोफर रीव्ह लोइसच्या घरी क्षणभर चष्मा काढतात, पाठ ताठ करतात, आवाज खाली उतरवतात. मग विचार बदलून पुन्हा खांदे पाडतात. वेष सारा कण्यात होता, चष्मा निमित्तमात्र. या एका दृश्याने हा पोटविभाग वस्तुतः बंद झाला आहे.

दूरदर्शनवर १९९७ मध्ये सुरू झालेल्या 'शक्तिमान'मध्ये मुकेश खन्ना यांनी नायकाच्या लौकिक रूपास, म्हणजे गंगाधरास, चष्म्याच्या जोडीला पुढे आलेले दातही दिले. दंतपंक्ती हे चष्म्याहून बलवत्तर प्रमाण होय, कारण तिजमुळे वाणीही पालटते. त्या मालिकेविषयी खरी शंका निराळीच आहे : रूप पालटताना एवढे गरगर फिरून शक्तिमानास घेरी का येत नाही? एका पिढीने हा प्रश्न अंगणात प्रयोगाने सोडवण्याचा यत्न केला. निष्कर्ष प्रतिकूल आले.

मराठीत निखिल महाजन यांच्या 'बाजी' (२०१५) मध्ये श्रेयस तळपदे मुखवटाधारी झाले, तेव्हापासून आम्हांस एक प्रादेशिक शंका छळते. ज्या खेड्यात पाठमोरा माणूस नुसत्या चालीवरून ओळखला जातो, आणि खोकला ऐकून कोणाचा कोण हे सांगता येते, तेथे तोंड झाकून काय साधणार?

३. भरपाईशंका. पडलेल्या इमारतींचे पैसे कोण देणार? 'मॅन ऑफ स्टील'च्या अंती मेट्रोपोलिस भुईसपाट होते आणि नायक-नायिका त्या राखेत चुंबन घेतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेस एकदा तरी बसलेल्या मनुष्यास तो प्रणय पाहवत नाही. २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका : सिव्हिल वॉर'मध्ये याच शंकेतून आंतरराष्ट्रीय करार निघतो आणि मित्र मित्रांवर उठतात. लघुशंका वेळीच मोकळी न केल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हे त्या पटात यथार्थ दाखवले आहे.

४. अनुपस्थितिशंका, म्हणजे संकटसमयी 'बाकीचे नायक कुठे होते?' २०२१ च्या 'इटर्नल्स'मध्ये सहस्रावधी वर्षे पृथ्वीवर राहिलेले नायक सांगतात की, आम्हांस हस्तक्षेपाची आज्ञा नव्हती. हे उत्तर सरकारी कार्यालयात शोभले असते.

५. आसनशंका. नामावली संपेपर्यंत बसावे की उठावे? २००८ च्या 'आयर्न मॅन'मध्ये सर्व नावे सरकून गेल्यावर गुप्तचरप्रमुख निक फ्युरी प्रकटला, आणि तेव्हापासून आसनवादी व उत्थानवादी असे तट पडले. उत्थानवाद्यांत वाहनतळावरील गर्दीचा धसका प्रबळ असतो. आसनवाद्यांची कसोटी 'एंडगेम'ने पाहिली : तेथे दृश्य नाही, केवळ घणाचे घाव ऐकू येतात. 'होमकमिंग'मध्ये तर शेवटपर्यंत थांबलेल्यांना कॅप्टन अमेरिका संयमावर प्रवचन देतो, आणि थांबण्याचे फळ कधीकधी काहीच नसते असे सुचवतो. झाडूवाले दाराशी उभे असता हे ऐकून घेणे, यास आम्ही तप म्हणतो.

मालिकांचे स्वतंत्र प्रकरण आवश्यक आहे, कारण तेथे शंकेस मुरावयास अवकाश मिळतो. 'स्मॉलव्हिल' ही मालिका २००१ ते २०११ या काळात २१७ भाग चालली आणि नायकास सुपरमॅनचा वेष लाभला तो अगदी अखेरीस. वस्त्रशंका दहा वर्षे लांबवण्याचा हा उच्चांक असावा. याउलट १९६६ च्या 'बॅटमॅन'मध्ये गुहेतील प्रत्येक यंत्रावर नावाची पाटी आहे, आणि त्याच वर्षीच्या चित्रपटात शार्क मासा पायास लोंबकळताच शार्क-निवारक फवारा हाती येतो. शंका उपजण्यापूर्वीच तिचे औषध हजर. आम्ही या मालिकेस अत्यंत गंभीर कृती मानतो. २०१५ च्या 'डेअरडेव्हिल'मधील अरुंद मार्गिकेतील मारामारी उल्लेखनीय ठरते, ती नायकास तेथे दम लागतो म्हणून. तो भिंतीला टेकतो, श्वास घेतो, पुन्हा लढतो. ज्यास दम लागतो त्याच्याविषयी प्रेक्षक लघुशंका घेत नाही; प्रेक्षकाचाच श्वास अडकलेला असतो.

एका महादोषाची नोंद कर्तव्य आहे. अलीकडे अनेकविश्ववाद बोकाळला आहे. या विश्वात मेलेला त्या विश्वात जिवंत निघतो. लोकी २०१८ च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये मेला आणि २०२१ मध्ये त्याच्याच नावाची मालिका आली. 'लोगन' (२०१७) मधील वुल्व्हरिनचे मरण पाहून आम्ही डोळे पुसले होते. २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ने त्या थडग्यातील हाडे उकरून त्यांचीच शस्त्रे केली. ज्या व्यवस्थेत काहीही घडू शकते, तेथे विजार का फाटली नाही, हे विचारण्याची सोय राहत नाही. २०१८ च्या 'इनटू द स्पायडर-व्हर्स'ने अनेक विश्वे घेऊनही मुलाच्या पोशाखाच्या मापाचा विसर पडू दिला नाही, हा सन्माननीय अपवाद.

आणि शेवटी ओष्ठशंका. २०१७ च्या 'जस्टिस लीग'चे काही भाग पुन्हा चित्रित करण्याची वेळ आली, तेव्हा हेन्री कॅव्हिल यांनी 'मिशन : इम्पॉसिबल'च्या पुढील भागासाठी मिशी राखली होती, आणि त्या चित्रपटाच्या निर्मात्यांनी ती काढू दिली नाही. मग संगणकाने मिशी पुसण्यात आली. परिणामी पृथ्वीवर संकट कोसळत असता असंख्य प्रेक्षक नायकाच्या वरच्या ओठाकडे टक लावून बसले. ते संकट नेमके कोणते होते, हे आज त्यांतील बहुतेकांना सांगता येत नाही. ओठ मात्र सर्वांच्या लक्षात आहे.