बडासाब

इंजिन तापलं की बडासाब गार होतात. एरवी रिक्षावाल्यापासून व्याह्यांपर्यंत कोणावरही भडकणारा हा माणूस, बोटीवर टेम्परेचरचा भोंगा वाजला की एकदम शांत. मनगटावरचं घड्याळ काढून शेजारच्याच्या हातात देतात, बाह्या दोन-दोन घड्या घालून वर घेतात, चष्मा पुसतात आणि जिन्याखालच्या इंजिनाच्या झाकणाकडे इतक्या मायेनं बघतात की काकू एकदा म्हणाल्याच, "माझ्या बाळंतपणातसुद्धा असे कधी बघितलं नाहीत."

मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियरला खलाशी 'बडासाब' म्हणतात. त्याच्या खाली सेकंड साब, मग तीनसाब, चारसाब, पाचसाब. बडासाब निवृत्त होऊन जहाजावरून उतरले, पण ही उतरंड सामानाबरोबर घरी घेऊन आले. जावई तीनसाब आहे. सोसायटीचा प्लंबर चारसाब. मी पाचसाब. पाचसाबाचं काम बॅटरी धरणं. ज्यांनी लहानपणी वडिलांना फ्यूज बदलताना बॅटरी धरली आहे त्यांना या हुद्द्यातली जोखीम सांगायला नको. "उजेड कुठे पाडतोयस? मी तिथे बघतोय का?" हे वाक्य ऐकून घेण्यासाठीच हा हुद्दा निर्माण झाला असावा.

उभी हयात त्यांनी सुल्झरच्या अवाढव्य इंजिनांवर काढली. त्यातल्या आरएनडी-90 या इंजिनाच्या एका सिलिंडरचा व्यास 900 मिलिमीटर. आत माणूस उतरतो. बडासाब उतरलेले आहेत आणि तो फोटो दिवाणखान्यात, देव्हाऱ्याच्या बरोबर समोर आहे. आमच्या बोटीवर आहे तीन सिलिंडरचं छोटं डिझेल. सिलिंडरचा व्यास 75 मिलिमीटर, फार तर मूठ जाईल. पण बडासाबांनी त्याला कधी कमी लेखलं नाही. "आजार तेच असतात रे. पोरगं लहान म्हणून ताप काय लहान येतो?"

शिडाच्या बोटीला इंजिन कशाला, असं नवखा माणूस हमखास विचारतो. त्यानं एकदा मांडव्याहून गेटवेकडे परत येताना सकाळचं मतलई वारं पडल्यावर आणि दुपारचं खारं वारं सुटायच्या आधी आमच्या बोटीवर बसून बघावं. शिडं लोंबकळतात, ओहोटी बोटीला तिच्या मनाला येईल तिकडे नेते, आणि मागून फेरीबोट भोंगा देत येत असते. अशा वेळी इंजिन लागतं. आणि नेमकं अशाच वेळी ते तापतं, कारण तेव्हाच आपण त्याला पळवत असतो.

एकदा तसंच झालं. बोटीवर पाहुणे होते. भोंगा वाजला तसा त्यातल्या एकानं लाइफ जॅकेटचा खण उघडला. बडासाबांनी तीन हुकूम सोडले: न्यूट्रल, इंजिन बंद, शीड वर. मग चहा मागितला. पाहुण्यांना वाटलं, म्हाताऱ्याला प्रसंगाचं गांभीर्य कळलेलं नाही. उलट तेवढं एकट्या त्यांनाच कळलं होतं. गरम इंजिनाच्या कूलंटचं झाकण उघडलं की उकळतं पाणी दाबासकट तोंडावर येतं. म्हणून अर्धा तास इंजिनाचा आणि अर्धा तास बडासाबांच्या प्रश्नांचा.

हे प्रश्न ठरलेले आहेत. "एकदम तापलं की हळूहळू चढलं?" एकदम चढलं तर समुद्राचं पाणी आत येणं बंद झालंय. आठवडे-महिने हळूहळू चढत आलं तर आत कुठेतरी क्षार, गाळ साठलाय. "सगळ्या स्पीडला तापतं की पळवलं की?" फक्त पळवल्यावर तापलं तर पाणी येतंय पण पुरत नाही, नाहीतर बोटीच्या बुडाला आणि पंख्याला शिंपल्यांचे थर बसलेत आणि इंजिन उगाच ओझं ओढतंय. आणि सगळ्यात महत्त्वाचा, ज्याच्यासाठी ते बंदरभर प्रसिद्ध आहेत तो: "मागून पाणी येतंय का?"

हा प्रश्न अनोळखी माणसासमोर विचारला गेला की पंचाईत होते. त्यामागचं शास्त्र मात्र चोख आहे. अशा इंजिनाला दोन पाणी लागतात. आतलं गोडं पाणी, म्हणजे कूलंट, इंजिनातच गोल फिरतं. बाहेरचं खारं पाणी समुद्रातून पंपानं खेचलं जातं, हीट एक्स्चेंजरमध्ये आतल्या पाण्याची उष्णता उचलतं आणि धुराबरोबर बोटीच्या मागच्या पाइपातून पिचकाऱ्या मारत बाहेर पडतं. हीट एक्स्चेंजर म्हणजे काय, असं एका पाहुणीनं विचारलं तेव्हा बडासाब म्हणाले, "एका वाड्यातल्या दोन जावा. मध्ये भिंत. इकडची धग तिकडे जाते, पण मिसळणं म्हणून नाही. ज्या दिवशी मिसळतील त्या दिवशी इंजिन खलास." पाहुणीला लगेच कळलं. काकूंनी विचारलं, "आणि पंप म्हणजे सासूबाई का?" बडासाबांनी उत्तर दिलं नाही, पण बाहीत तोंड घालून हसताना आम्ही त्यांना पाहिलं.

काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. "काटा म्हणजे एक वायर आणि एक सेन्सर. दोन्ही खाऱ्या हवेत राहतात. त्यांचं काय ऐकायचं?" लेकीनं वाढदिवसाला लांबून तापमान मोजायचं इन्फ्रारेड पिस्तूल दिलंय. ते रोखतात, आकडा वाचतात आणि मग तळहात नळीवर ठेवून खातरजमा करतात. तीन मोजेपर्यंत हात राहिला तर ठीक. हात आणि पिस्तूल यांच्यात तफावत निघाली तर पिस्तुलाची बॅटरी बदलतात.

त्या दिवशी चहा झाल्यावर त्यांनी सीकॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा बुडाचा नळ, बंद केला, समुद्राच्या पाण्याची गाळणी उघडली आणि आतला एकेक जिन्नस रुमालावर मांडला: गुटख्याची पुडी, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, निर्माल्यातल्या हाराची जर, जेलीफिशचा बुळबुळीत लगदा. कोणीतरी म्हणालं, "चला, सापडलं." बडासाबांना हे वाक्य अजिबात खपत नाही. सापडलं म्हणजे शोध संपला. त्यांनी पंपाचं झाकण काढलं.

पंपात रबराचं एक चक्र असतं, इम्पेलर. त्याला सहा पाती. पाणी मिळेना म्हणून ते कोरडंच फिरलं होतं आणि पाती तुटली होती. बडासाबांनी ते पकडीनं अलगद ओढून काढलं (स्क्रू ड्रायव्हरनं उचकटणाऱ्याला ते कसाई म्हणतात) आणि उजेडात धरलं. दोन पाती जागेवर. पंपाच्या पोटात दोन. "उरलेली दोन?"

मी म्हटलं, नवीन इम्पेलर आहे ना, बसवू या.

"दोन पाती आत कुठेतरी फिरतायत आणि पाचसाबाला घरी जायचंय," ते पाहुण्यांना म्हणाले. मग वरच्या खिशातून चष्म्याचं घर काढलं, आणि चष्म्याच्या घरातून क्रोशाची सुई. काकूंची. ती घरातून कधी नाहीशी झाली याचा उलगडा काकूंना त्या क्षणी झाला आणि त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. हीट एक्स्चेंजरला जाणारी नळी सोडवून बडासाबांनी सुई आत घातली, डोळे मिटले आणि नुसत्या बोटांनी चाचपत राहिले. मी बॅटरी धरून होतो, पण उजेडाची त्यांना गरजच नव्हती. एक पातं आलं. बराच वेळ काहीच नाही. पाहुण्यांपैकी एक जण घोरू लागला. मग दुसरं आलं, चुरगळलेलं, नखाएवढं. बडासाबांनी ते पाच पात्यांशेजारी ठेवलं, सहा मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाले, "आता बसव." नव्या इम्पेलरला भांडी घासायचं लिक्विड चोपडून, फिरण्याच्या दिशेनं वळवत, त्यांनी तो दोन मिनिटांत बसवला. इंजिन सुरू झाल्यावर सगळे पाहुणे मागच्या कठड्यावर ओणवे झाले आणि एका सुरात ओरडले, "येतंय! येतंय!"

तुटकी पाती फेकली जात नाहीत. ती घरी एका चिनी मातीच्या बरणीत जातात, प्रत्येक पुडीवर तारीख आणि ठिकाण. काकूंचं म्हणणं, मे महिन्यात लोणचं घालायला घरात बरणी उरलेली नाही. थर्मोस्टॅटचा संशय आला तर त्याची तपासणी काकूंच्या ओट्यावर होते: चहाच्या पातेल्यात दोरीला टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर, खाली गॅस. "यावर 71 छापलंय, बघ. आता 74... 76... अजून उघडत नाही! बघ, गुन्हेगार!" त्यानंतर आठवडाभर त्या घरचा चहा कोणी मागून घेत नाही.

हा माणूस सुट्टीवर नसतो. लग्नात अक्षता टाकता टाकता ते मंगल कार्यालयाच्या जनरेटरकडे कान लावून असतात. कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्यानं जगाची फेरी पुरी केली, हा विषय निघाला की बाकीची मंडळी केप हॉर्नच्या लाटांबद्दल बोलतात. बडासाब म्हणतात, "नऊ महिने. एकटा माणूस. सुटे इम्पेलर किती नेले असतील?" आणि रुडॉल्फ डिझेल 1913 साली इंग्लिश खाडी ओलांडताना रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला, याबद्दल जगात आत्महत्या, घातपात वगैरे तर्क आहेत. बडासाबांचा तर्क असा की त्याला खालून काहीतरी वेगळा आवाज आला असणार आणि तो बघायला गेला असणार.

त्यांच्या घरी सत्यनारायण होता. पोथी साधुवाण्याची नौका बुडते तिथवर आली होती, आणि फोन वाजला. गोव्याहून त्यांचा एक जुना शिष्य, आग्वादच्या बाहेर, इंजिन तापलेलं. बडासाब सोवळ्यातच बाल्कनीत गेले. आत गुरुजी नौका बुडवतायत आणि बाहेरून खणखणीत आवाज, "मागून पाणी येतंय का?" गुरुजी थबकले. काकूंनी हातानंच खूण केली, चालू द्या. बाल्कनीत प्रश्नोत्तरं चालली होती. शेवटी बडासाबांनी आवाज खाली आणून विचारलं, "सकाळी सीकॉक उघडलास का?" पलीकडे शांतता. तीही इतकी लांबली की आम्हाला आत कळली. यावर एखादा ओरडला असता. बडासाब म्हणाले, "होतं असं. उघड. आणि नुसता उघडून सुटू नकोस, इम्पेलर काढून बघ. कोरडा फिरलाय. आणि स्टार्टर मारत बसू नकोस, सायलेन्सरमध्ये पाणी भरून उलटं सिलिंडरात जाईल." मग आत येऊन हात जोडून बसले. नौका तोवर वर आली होती.

एकदाच मी त्यांना हिरमुसलेलं पाहिलं. अपोलो बंदरासमोर आमच्या मूरिंगवरच इंजिन तापलं. गाळणी स्वच्छ, इम्पेलर शाबूत, पट्टा ताठ. बडासाब रंगात आले. एक्झॉस्टच्या बाकात कार्बन साठलाय असा सिद्धान्त मांडून ते तो सोडवायच्या बेतात होते. तेवढ्यात लाँचवरच्या कोळ्याच्या पोरानं शर्ट काढला, पाण्यात सूर मारला आणि बोटीच्या बुडाखालून एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी ओढून वर आला. "साहेब, ही तोंडावर बसलेली." बडासाबांनी पिशवी उलटीपालटी करून बघितली. "हं," म्हणाले. मग पोराला बाराचा पाना देऊन म्हणाले, "तरी बाक सोडवून घेऊ. आलोच आहोत तर." त्या दिवसापासून तो पोरगा सेकंड साब आहे. माझ्या बढतीचा विषय कोणी काढत नाही.

या वर्षी दसऱ्यानंतर बोट पाण्यात उतरवण्याआधी आम्ही सगळंच नवं बसवलं: पंप, थर्मोस्टॅट, नळ्या. हीट एक्स्चेंजर आम्लाच्या द्रावणात बुडवून धुतला, त्यातला जस्ताचा तुकडा बदलला. इंजिन कुठेही न्या, काटा जागचा हलत नव्हता. बडासाबांचं येणं कमी झालं. आले तरी पुढे जाऊन बसायचे, खंदेरीकडे बघायचे, देशाच्या राजकारणावर बोलायचे. काकू काळजीनं म्हणाल्या, "अलीकडे जेवणही कमी झालंय यांचं."

परवाच्या रविवारी परतताना ते अचानक उठून जिन्याखाली गेले. स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपावर टेकवलं, मूठ कानाला लावली. आम्ही कोणी काही ऐकलं नव्हतं, काटाही आपल्या जागी होता. ते तसेच बसून राहिले, मग मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं.

"बेअरिंग बोलायला लागलंय," ते म्हणाले. "पाचसाब, काकूंना फोन लाव. म्हणावं, जेवायला थांबू नका."