आज काय टाकू?

मार्चचा तिसरा आठवडा. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात चटणी कांडपाच्या दुकानासमोर सकाळी सातपासून रांग लागली आहे. रांगेत डबे उन्हात उभे, डब्यांच्या मालकिणी सावलीत. आत मोटर सुरू आहे, लोखंडी मुसळं धाडधाड वरखाली होताहेत आणि सगळी गल्ली ठसक्यानं खोकते आहे. या धुमाळीत दुकानाच्या मालकीणबाईंचा बीकॉम झालेला पुतण्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसला आहे. त्याला कंटेंट सुचत नाही.

‘काकू, आज काय टाकू?’ तो विचारतो.

‘दगडफूल टाक थोडं,’ काकू समोरच्या परातीवरची नजर न काढता सांगतात.

धंदा ऑनलाइन आणायचा असं घरात ठरलं तेव्हा पुतण्या शहरात जाऊन दोन दिवसांची कार्यशाळा करून आला. तिथं त्याला कळलं, की रोज पोस्ट टाकली नाही तर अल्गोरिदम रुसतो. पूर्वी ग्रामदेवता रुसायची, पण तिला वर्षातून एक नारळ पुरायचा. याला रोज लागतो, आणि कालच्यासारखा चालत नाही.

रोज नवं आणायचं कुठून? मग पुतण्या दिनविशेषांना शरण गेला. २३ मे, जागतिक कासव दिन: कासवाच्या पाठीवर कांदा-लसूण चटणीचं पाकीट, खाली शुभेच्छा. १९ नोव्हेंबर हा जागतिक शौचालय दिन. संयुक्त राष्ट्रसंघानं तो २०१३ साली मान्य केला, हेतू स्वच्छतेचा आणि गंभीर. पण जहाल तिखट विकणाऱ्या दुकानानं त्या दिवशी आपल्या बोधचिन्हासह हार्दिक शुभेच्छा दिल्या, तेव्हा गावानं त्या दुकानाची पोस्ट वर्षभरात पहिल्यांदाच एकमेकांना पाठवली. पुतण्याच्या तक्त्यात याची नोंद ‘एंगेजमेंट वाढली’ अशी आहे.

त्यानंतर मदतीला चॅटजीपीटी आलं. मार्च २०२५ मध्ये त्यात चित्रं काढायची नवी सोय झाली आणि बघता बघता किराणा दुकानदारांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळे जपानच्या स्टुडिओ जिब्लीच्या चित्रपटांतल्यासारखे गुबगुबीत गालांचे दिसू लागले. काकूंचंही तसं चित्र निघालं. मागं चेरी फुललेली, मुसळाची छत्री झालेली. काकूंनी ते बघून ‘ही कोण?’ एवढंच विचारलं. चित्राखालचं वाक्यही यंत्रानंच दिलं होतं: ‘परंपरेची चव, आधुनिकतेचा स्पर्श’. त्याच आठवड्यात ते समोरच्या फर्निचरवाल्याच्या पानावर होतं आणि चौकातल्या दंतवैद्याच्याही. दंतवैद्याच्या बाबतीत ‘चव’ म्हणजे नेमकं काय, हे कुणी विचारलं नाही.

खरं तर काका-काकूंनी धंदा करायचा आणि पुतण्यानं त्याची जाहिरात, ही रीत या जिल्ह्याला नवी नाही. (काका-पुतण्या म्हटलं की मराठी वाचक लगेच पक्ष आणि चिन्ह शोधू लागतो. इथंही नांगर आहे, पण तो खराखुरा नांगर आहे.) लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला, त्याची किर्लोस्करवाडी झाली. लोखंडी नांगर तयार होता, पण शेतकरी त्याला हात लावेना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं अशी समजूत होती. जाहिरातीचं काम पुतणे शंकरराव, म्हणजे शंवाकि, यांच्याकडं. माणूस मुळात चित्रकार. त्यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. सुरुवातीला ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारं पत्र होतं. वाढत वाढत त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. नांगर आणि चरक विकणाऱ्या कारखान्यानं मराठी घरांना पिढ्यान्‌पिढ्या वाचायला दिलं. शंवाकिंना ‘आज काय टाकू’ हा प्रश्न महिन्यातून एकदाच पडत असणार, हे पुतण्याच्या बाजूनं मान्य करायला हवं. शिवाय कासव दिनाचा मोह त्यांच्यापुढं नव्हता.

कार्यशाळेत मात्र शंवाकिंचं नाव निघालं नाही. तिथं निघालं ब्लेंडटेकचं. अमेरिकेत यूटा राज्यातली ही मिक्सरची कंपनी. तिथल्या जाहिरात विभागात नव्यानं आलेल्या माणसाला एके दिवशी फरशीवर लाकडाचा भुसा दिसला. चौकशी केली तर कळलं, मालक टॉम डिक्सन मिक्सरची ताकद जोखायला त्यात लाकूड दळतात. कंपनीत कुणाला त्याचं काहीच वाटत नव्हतं, कारण ते रोजचंच होतं. २००६ साली सुमारे पन्नास डॉलर खर्चून पहिले व्हिडिओ झाले. डिक्सन पांढरा डगला घालून गोट्या आणि बागेतलं दाताळं दळताना लोकांनी पाहिले, पुढच्या वर्षी नवाकोरा आयफोनही त्याच वाटेनं गेला. पुतण्यानं यातून एवढाच बोध घेतला, की मोबाइल कुटायचा. त्यानं काकूंचा जुना फोन उखळाशी नेला, तेव्हा काकूंनी आधी त्याचा हात मागं ओढला आणि मग फोन.

भुसा त्याच्या नजरेतून निसटला. काकूंच्या दुकानात तो सकाळपासून सांडलेला असतो. रांगेतली प्रत्येक बाई काहीतरी विचारते. नुसती ब्याडगी घेतली तर चालेल का? काकू सांगतात, ब्याडगी रंगाला, लवंगी झणक्याला. नुसती ब्याडगी घातलीत तर रस्सा लाल दिसेल आणि जेवणारा गोडबोल्या होईल. मागच्या साली चटणी काळी का पडली? कांदा करपवलात. जाळी का धरली? बरणी ओली होती. आणि वर हिंगाचे खडे ठेवलेत का? या उत्तरांसाठी कुणी कासव शोधायला जात नाही. व्हर्जिनियात पोहण्याचे तलाव बसवणाऱ्या मार्कस शेरिडन यांनी २००८च्या मंदीनंतर हेच केलं. गिऱ्हाइकं जे विचारतात त्याची उत्तरं त्यांनी वेबसाइटवर लिहून टाकली, अगदी खर्चाच्या आकड्यांसकट. धंदा सावरला, पुढं त्यावर पुस्तकही आलं.

आकड्याची गोष्ट पुतण्याला पटली नाही. दुकानाच्या दारावर किलोचा दर खडूनं ठळक लिहिलेला आहे, येणारं-जाणारं शेंबडं पोरही तो वाचतं. पण ऑनलाइन कुणी विचारलं, की पुतण्या लिहितो, ‘किंमत इनबॉक्समध्ये’. जणू चटणी नव्हे, स्थळ आलंय.

त्या दिवशी शेवटी त्यानं मोबाइल खांबाला टेकवला आणि नुसतंच चित्रीकरण सुरू ठेवलं. एक बाई पाच किलो मिरची घेऊन आल्या. काकूंनी पिशवीत हात घातला, एक मिरची काढली, कानाशी धरून हलवली. बी वाजलं नाही. मधोमध वाकवली, तुटली नाही.

‘वहिनी, मिरची अजून मऊ हाय. आत्ता कांडली तर गणपतीपतोर बुरशी धरंल. घरी न्या, दोन दिवस कडक ऊन दाखवा. कशी कडकडा मोडली पायजे. मग आणा.’

आलेलं गिऱ्हाईक परत धाडलं. सगळं मिळून पाऊण मिनिट.

पुतण्यानं रात्री बसून एडिटिंग केलं. मुसळांचा आवाज फार येत होता आणि काकूंचं बोलणं मध्ये मध्ये लुडबुडत होतं, म्हणून दोन्ही काढून टाकलं. वर त्या आठवड्यात चाललेलं एक पंजाबी गाणं लावलं. सकाळी पहिली कमेंट आली, पुण्याहून: ‘मिरची पुरेशी वाळली हे कसं ओळखायचं?’

पुतण्यानं लगेच उत्तर दिलं. ‘इनबॉक्समध्ये सांगतो.’