किती फूट?

सहलीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर रुमाल टाकून जागा धरणारे गृहस्थ तुम्हाला माहीत आहेतच. आमच्या वाट्याला ते मॉरिशसमध्ये आले. तात्या, मुक्काम सातारा, बांधकाम खात्यातून निवृत्त. निसर्गाकडेही ते ठेकेदाराचं बिल तपासावं तसंच बघतात.

सकाळी ज्वालामुखी, दुपारी धबधबे असा बेत होता. क्युरपीप गावाच्या डोक्यावर त्रू ओ सेरचं विवर आहे. आम्ही काठावर उभं राहून "वा!" म्हणायच्या आत तात्यांनी गाइडला गाठलं.

"खोल किती?"

"८० मीटर, काका."

"फुटांत सांग, फुटांत!" मग खिशातल्या वहीत स्वतःच गुणाकार. "२६२. आणि आत हे रान माजलेलं? ज्वालामुखी म्हणून पैसे घेतलेत, धूर कुठाय? आमचं लोणार बघ, पावणेदोन किलोमीटर रुंद!" लोणार उल्केने झालंय, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. तात्यांना गैरसोयीचं तेवढं ऐकू येत नाही.

गंगा तलावावर मंगल महादेवाची मूर्ती १०८ फुटांची. आकडा आयता फुटांत मिळाला, म्हणून तिथला नमस्कार तेवढा मनापासून झाला. जेवताना ताटातला मासा किती फुटी होता, याची चौकशी झाली. शामारेलचा धबधबा "शंभर मीटरच्या आसपास" म्हटल्यावर मात्र तात्या भडकले. आसपास म्हणजे काय? मोजमाप पुस्तिकेत आसपास लिहितात? वर, "पावसात ठोसेघरला ये, मग कळेल तुला."

गाइड पोरगा हसला आणि अडखळत चक्क मराठीत म्हणाला, "काका, आमचे खापरपणजोबा तिकडचेच. रत्नागिरी."

मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, जुनी दप्तरं आहेत. तिथून काढलेल्या कागदाचा फोटो त्याच्या मोबाइलवर होता. नाव, बापाचं नाव, जात. गावाच्या जागी शाईचा गिचमिड काला. आणि उंची, ५ फूट ३ इंच. उसाच्या मळ्यावर धाडायचा माणूस कारकुनाने मोजून घेतला होता.

तात्यांनी तो आकडा वहीत उतरवला. पुढच्या धबधब्यापाशी ते बसमधून खाली उतरलेच नाहीत.

आता परत आल्यापासून छळ वाढलाय. भिंग घेऊन, मागून आणलेल्या फोटोतल्या त्या काल्यातून ते रोज नवं गाव काढतात आणि आम्हाला फोन करतात. काल केळशी होतं, आज कोळंबे आहे. रत्नागिरीच्या कचेरीतही त्यांना आता आवाजावरून ओळखतात. माणूस असह्य आहे. पण त्या पोराच्या घरातल्या माणसाला आजवर इतक्या चिकाटीने कोणी शोधलं नसेल.

तेव्हा एक विनंती. आपल्या घराण्यातला कोणी मॉरिशसला, जुन्या माणसांच्या तोंडी 'मोरस'ला, गेला आणि परतला नाही, असं घरात सांगत असतील तर कळवा. गाव बहुधा 'क'वरून, उंची ५ फूट ३ इंच. रात्री उशिरा फोन केलात तरी चालेल, तात्या जागेच असतात.