छप्परकाढे

इंग्लंडमध्ये ज्याच्या गाडीचं छप्पर निघतं, तो माणूस लांबूनच ओळखू येतो. डोक्यावर चपटी टोपी, वाऱ्याने तांबडं झालेलं नाक, नखांत काळं ग्रीस, आणि तुमच्याशी बोलताना नजर सारखी आभाळाकडे. आपल्याकडच्या आडनावांच्या चालीवर मी या जातीला ‘छप्परकाढे’ म्हणतो. तिचा एक अस्सल नमुना कॉव्हेंट्रीत माझ्या शेजारी राहतो.

छप्परकाढे निवृत्त आहेत. घरी गाड्या दोन. एक रोजची, बटण दाबलं की निमूट चालू होणारी. तिच्याबद्दल ते कधी चकार शब्द काढत नाहीत. दुसरी १९६३ ची ट्रायम्फ टीआर-फोर. ती याच शहरात जन्मली, तिचं रूप इटलीच्या मिकेलोत्तीने रेखाटलं, आणि तिचं २१३८ सीसीचं इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरलाही होतं. ‘‘म्हणजे नांगरही ओढेल,’’ असं मी एकदा बोलून गेलो. राग येण्याऐवजी त्यांची छाती फुगली.

पण गाडी हे निमित्त. खरा जीव छपरात. मागची मोठी काच ॲल्युमिनियमच्या चौकटीत पक्की बसवलेली. तिच्यापासून पुढच्या काचेपर्यंतचा पत्रा बोल्ट सोडवून अख्खा उचलता येतो. आता तो ठेवायचा कुठे? डिकीत मावत नाही. म्हणजे घरी ठेवून निघायचं, आणि वाटेत पाऊस आलाच तर कारखान्याने त्यासाठी दिलेला रेक्झिनचा तुकडा चौकटीवर ताणून बसवायचा. ‘सरी टॉप’ म्हणतात तो हा तुकडा. कुणी सबंध छपरालाच सरी टॉप म्हटलं, तर छप्परकाढे हातातला चहा खाली ठेवून त्याला आधी सुधारतात. पोर्शने १९६५ साली फ्रँकफर्टला अशाच निघत्या छपराची ‘टार्गा’ दाखवली आणि जगाने टाळ्या वाजवल्या. आमचं छप्पर १९६१ पासून निघतंय, त्याचं कुणाला काही नाही! भाऊबंदकीत गेलेल्या जमिनीसारखं हे दुःख ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगतात.

पत्रा उचलायला दोन माणसं बरी पडतात. त्यातलं दुसरं माणूस मी. रविवारी सकाळी कुंपणावरून ‘‘पाच मिनिटं आहेत का?’’ असा आवाज आला की मी चपला घालतो. काढलेला पत्रा पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर, रजईवर ठेवला जातो. पाहुणे आले तर हॉलमध्ये झोपतात.

पाऊस येणार का, हे घर सोडण्यापूर्वीच ठरवायचं असल्याने छप्परकाढ्यांचा हवामानाचा अभ्यास दांडगा. मोबाईल, रेडिओ आणि स्वतःचा डावा गुडघा अशा तिघांची मतं घेतली जातात. तिघेही ‘पाऊस’ म्हणाले की ते म्हणतात, ‘‘बघू या,’’ आणि छप्पर काढतात. त्यांचा एक सिद्धान्त आहे: चाळीस मैलांच्या वर वेग असला की पाऊस डोक्यावरून निघून जातो. सिद्धान्त बऱ्यापैकी खरा आहे. फक्त वाटेत सिग्नल लाल व्हायला नको. झालाच, तर ते ओले होत सरळ समोर बघतात. शेजारच्या बसमधली माणसं काचेतून त्यांच्याकडे बघतात. अशा वेळी रेक्झिनचा तुकडा बाहेर काढणं म्हणजे शरणागती. तो तुकडा अजून नवाकोरा आहे.

त्यांच्या पत्नी शेजारी बसतात. कानांवरून स्कार्फ, मांडीवर घोंगडी, दोन्ही हातांत थर्मास. ‘‘मजा येतेय ना?’’ असं ते ओरडून विचारतात. वाऱ्यात ऐकू येत नाही, हे या संसाराच्या पथ्यावर पडलेलं आहे. बाईंनी आजवर एकच प्रश्न विचारला: ‘‘घराचंही छप्पर गळतंय, त्याचे बोल्ट कधी सोडवताय?’’

खर्चाचा विषय काढला की छप्परकाढे सांगतात, गाडी फुकटात पडते. चाळीस वर्षांवरच्या गाडीला इथे रोड टॅक्स माफ आहे आणि २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. चासीचं वेल्डिंग, दारांखालचा कुजलेला पत्रा आणि २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यावर बदललेल्या रबरी नळ्या या हिशेबात येत नाहीत. तो छंद.

मी पुण्याचा, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नव्हतं. माझ्या काकांकडे स्टँडर्ड हेरल्ड होती म्हटल्यावर मात्र त्यांनी मला मिठीच मारली. मद्रासला १९६१ पासून तयार होणारी हेरल्ड म्हणजे ट्रायम्फचीच लेक, आणि रेखाटणाराही तोच मिकेलोत्ती. ‘‘तिचंही छप्पर बोल्टवरच असतं! काकांनी कधी काढलं होतं?’’ मी गप्प राहिलो. मृग लागायच्या आत गाडीवर ताडपत्री घालणारे आमचे काका. त्यांना हे कळलं असतं, तर त्याच दिवशी छपराला वेल्डिंग मारून घेतलं असतं.

वाचकांपैकी कुणाला असल्या गाडीचा मोह होत असेल, तर छपराकडे नंतर बघा. आधी खाली वाकून चासीला गंज किती लागलाय ते तपासा. आणि छप्पर काढायचीच हौस असेल, तर फियाटने १९७२ साली एक्स वन नाइन नावाची गाडी काढली. तिचा पत्रा काढून पुढच्या डिकीत मावतो, पाऊस आला की जागच्या जागी परत बसवता येतो. छप्परकाढ्यांच्या कानावर मात्र हे घालू नका. त्यांना ते ठाऊक आहे.